शीर्षक नवं, चौथं प्रकरण तेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआय आणि शाळा यावर आपल्या पुरवणीत सध्या बरंच छापून येतंय, म्हणून लिहितो. मी प्राध्यापक नाही. खणभागात माझं डीटीपी-बाइंडिंगचं दुकान आहे. २६ वर्षं एम.एड., पीएच.डी.चे प्रबंध टाइप करतोय.

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधनाचा वारा कुठे वाहतोय, हे मला रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उठवताना कळतं. श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या काळात ‘संगणक साहाय्यित अनुदेशन’, म्हणजे संगणकाच्या मदतीने शिकवणं, होतं. मग सीडी, पॉवरपॉइंट, करोनात गूगल मीट. यंदा तिघींच्या शीर्षकात चॅटजीपीटी. ‘परिणामकारकतेचा अभ्यास’ ही शेपटी मात्र कायम. आत नियंत्रित गटात नेहमीसारखं शिकणारी ३० मुलं, प्रायोगिक गटात नव्या साधनाने शिकणारी ३०, पंधरा दिवस पाठ, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी. मग चौथ्या प्रकरणात टी-मूल्य, म्हणजे दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासायचा आकडा, आणि शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक पडत नाही’ या गृहीतकाचा, त्याग. ती परिकल्पना टिकलेला प्रबंध माझ्या हातून एकच गेला. बाईंचा चेहरा उतरलेला. ‘काका, फरकच पडला नाही हो.’ मला तोच खरा वाटला.

२०२१ मध्ये एकाने सीनिअरची फाइल आणली. ‘पॉवरपॉइंट’ काढून ‘गूगल मीट’ घाला म्हणाला. घातलं. पण तिसऱ्या प्रकरणात ‘प्रोजेक्टर दिसावा म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या’ तसंच राहिलं. शाळा तर बंद होत्या! बाइंडिंग झाल्यावर लक्षात आलं, तरी मी गप्प बसलो. तेवढं पाप माझंही.

गंमत म्हणजे बहुतेकांच्या दुसऱ्या प्रकरणात, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, रिचर्ड क्लार्क हा अमेरिकी शिक्षण-संशोधक असतो. माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक, ट्रकमुळे अंगाला काही लागत नाही, असं त्याने १९८३ मध्येच मांडलं. हे टाइप करून पान उलटावं, तर पुढे नवा ट्रक उभा! पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. लॅपटॉप मिळालेली मुलं गणितात, भाषेत पुढे गेलेली दिसली नाहीत, आणि २०१२ साली तसंच छापलं गेलं.

मार्गदर्शकांना एकच विनंती. एखाद्या विद्यार्थ्याला मिरज तालुक्यातल्या शाळांत फिरवा. लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही किती चालू, किती बंद, आणि का, हे गुरुजींशी बोलून लिहू दे. माझ्या नातवाच्या शाळेतला कपाटात आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे होती, त्यांची बदली झाली.

यात टी-मूल्य निघणार नाही. टायपिंगचे पैसे मी निम्मेच घेईन.

आपला,
एक टंकलेखक, खणभाग, सांगली