यंदाही गणपतीला येणं होत नाही

आयोवा सिटी

ती. आई-बाबांना सा. न.

शनिवारी बाबांनी विचारलं, "तिकीट कधीचं काढलंस?" आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. इथलं काम मी आणखी दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही मागच्या महिन्यातच झाली. आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता आणि मला आणखी वाईट वाटलं असतं.

पैशासाठी नाही थांबले. दादाने हिशोब मांडून दाखवला होताच.

आई, कानाला लावून कसले पक्षी ऐकत असतेस, असं तू विचारायचीस ना? ते पक्षी नव्हेत. पृथ्वीभोवती वेगवान कणांचे दोन पट्टे आहेत. 1958 मध्ये ते शोधणारे व्हॅन ॲलन इथलेच; मी बसते त्या इमारतीला त्यांचंच नाव आहे. तिथल्या विरळ प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, विद्युत-चुंबकीय लहरी उठतात. त्यातल्या एका जातीची लहर स्पीकरवर लावली की आपल्या परसात पहाटे होतो तसा किलबिलाट ऐकू येतो. म्हणून तिचं नाव कोरस.

बाबा, ओटीवरचा झोपाळा आठवा. तुम्ही नुसता हात लावायचात, पण नेमक्या वेळी, आणि मी वाशांपर्यंत जायची. दादा कधीही ढकलायचा आणि झोपाळा अडखळायचा. तसंच पट्ट्यातला इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत असतो. लहरीचा ठेका त्या गिरकीशी जुळला की ती त्याला ऊर्जा देऊ शकते. असं होत होत तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळायला लागतो. ऑक्टोबर 2012 च्या चुंबकीय वादळात (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं, ते वादळ) नासाच्या जुळ्या यानांनी हे टिपलं: वेगवान इलेक्ट्रॉनांची वाढ पट्ट्याच्या पोटातच झाली होती, बाहेरून आत ढकललेली नव्हती. इंधन संपून ती यानं 2019 मध्ये बंद झाली, पण त्यांची माहिती आम्ही अजून उपसतोय.

गंमत म्हणजे हीच लहर काही इलेक्ट्रॉनांची वाट वाकवते आणि ते खाली वातावरणात येऊन संपतात. हिस नावाची दुसरी लहर आहे, नुसती फुसफुसणारी. दोन पट्ट्यांमधली जागा ती झाडून रिकामी ठेवते. आई, अगदी तुझ्यासारखी, गाजावाजा न करता. (हे निबंधात लिहिता येत नाही.) कुठल्या वादळात इलेक्ट्रॉन वाढतील आणि कुठल्या वादळात गळतील, हे आधी सांगायचं आहे. बाबांच्या बातम्या दाखवणारे उपग्रह 36,000 किलोमीटरवर, बाहेरच्या पट्ट्यातच फिरतात. असे इलेक्ट्रॉन त्यांच्या आत शिरून साठले तर यंत्रं बिघडतात. एवढं अर्धवट टाकून मला येववेना.

आणि हे खूळ तुम्हीच लावलंत, बाबा. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत नेलंत तेव्हा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजमापं आपल्या गावात आली, हे तुम्ही सायकलवर सांगितलं होतंत. मी पुढच्या दांडीवर होते, ती टोचत होती, पण बोलले नाही.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, गोडा मसाला अर्धा डबा शिल्लक आहे. जेवते. खरंच जेवते.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. अंधारात विहिरीवर जायचं नाही. त्या वेळी झालं तेवढं पुरे. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. मोदक एकवीस पुरेत, एक्कावन्नांचा हट्ट नको. आरतीच्या वेळी फोन लावा. इथे सकाळ असेल, मी अंघोळ करून बसते.

मे महिन्यात तीन आठवडे येतेय. तिकीट काढलंय, या वेळी खरंच. तोवर झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालून घ्या. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. दादा आला की त्याला सांगा.

तुमची,
चिऊ