लिफ्टचे साठ हजार आणि सिंकिंग फंडाचे तीस रुपये

दि. १६ जून २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : नव्या लिफ्टसाठीची एकरकमी वर्गणी आणि सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी दरमहा साठवायच्या निधीचा) दर

महोदय,

नवीन लिफ्टसाठी १४ लाख ४० हजार रुपये खर्च, २४ सदनिका, म्हणून प्रत्येकी ६०,००० रुपये १५ जुलैपर्यंत भरावेत, नाहीतर २१ टक्के व्याज, ही नोटीस खालच्या बोर्डावर वाचली. मी तळमजल्यावर राहते. लिफ्टमध्ये बसते ती वर्षातून चार-पाचदा, वाळवणाची ताटं गच्चीवर न्यायला. तरीही माझा हिस्सा मी देणार आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी वापरो वा न वापरो, असं सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, स्पष्ट आहे. शिवाय मागच्या महिन्यात लिफ्ट बंद असताना पाचव्या मजल्यावरच्या काकांना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून चार मुलांनी खाली आणलं, ते माझ्याच दारावरून गेले. तेव्हा लिफ्ट हवी की नको, हा वाद नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. १९८८ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासूनची खर्चाची वही माझ्याकडे आहे. नोटीस वाचून ती काढून बसले. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी तेव्हा ३ रुपयांची होती, आज ३४ ची आहे. वॉचमनचा पगार, जिन्यातली झाडलोट, पंपाचं वीजबिल, सगळंच वाढत गेलंय. मे महिन्यातले टँकर तर तेव्हा नव्हतेच. त्या वहीत एकच आकडा जागचा हललेला नाही : सिंकिंग फंड, महिना ३० रुपये. पहिल्या पावतीवर ३०, या महिन्याच्या बिलावरही ३०.

कारण साधं आहे. हा फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, जागेची किंमत वगळून, वर्षाला पाव टक्का असा काढतात. आपल्या सदनिकेचा खर्च १,४४,००० धरला होता, त्याचे वर्षाला ३६० झाले आणि आपण तिथेच थांबलो. ३६ वर्षांत सगळ्या सोसायटीचं मुद्दल जमलं ३ लाख ११ हजार. बांधकाम १९८८ च्या भावाचं आणि लिफ्ट २०२४ च्या भावाची, मग मेळ बसायचा कसा? पाव टक्का हा किमान दर आहे. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो. आपण कधी विषयच घेतला नाही. (मीही प्रत्येक सभेला हजर होते, म्हणून दोष एकट्या समितीला देत नाही.)

गेल्या सभेत काय झालं ते आठवा. दोन्ही वॉचमनना पाचशे-पाचशे रुपये वाढवायचे की नाही, यावर पाऊण तास आवाज चढले होते. घरटी ४२ रुपयांचा प्रश्न होता, स्टेशनबाहेरच्या दोन वडापावांचा. शेवटी वाढ पुढे ढकलली. लिफ्टचा विषय आला तेव्हा निम्मी मंडळी चहाकडे वळली होती. कोटेशनं किती आली, कोणाची आली, दोर आणि मोटर किती वर्षांच्या वॉरंटीत आहेत, एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) सुटे भाग धरलेत की वेगळे, एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून विनंती अशी. साठ हजार एकदम न घेता दरमहा ५,००० चे बारा हप्ते करावेत. आपल्याकडे पेन्शनवर जगणारी सहा-सात घरं आहेत, शिवाय जून म्हणजे शाळेच्या फियांचा महिना. सुरुवातीला लागणारी रक्कम सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवीतून देता येईल का, ते आर्किटेक्टचा दाखला आणि सभेचा ठराव घेऊन बघावं. हप्ते वेळेवर भरणाऱ्यांना व्याज लावू नये. २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढंच लावलं पाहिजे असं नाही.

आणि सिंकिंग फंड दरमहा ३०० रुपये करण्याचा विषय पुढच्या सभेत पहिला घ्यावा. दुधाच्या भावाने वाढवला असता तर आज तो ३४० झाला असता, त्यापेक्षा मी कमीच सुचवतेय. वर्षाला ८६,४०० जमतील. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चार-पाच वर्षांत निघणारच आहे. वॉचमनची वाढही त्याच सभेत मंजूर करावी, जूनपासून.

कोटेशनं बघायला रविवारी सकाळी दहाला ऑफिसात येते. वही बरोबर आणीन.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. २, तळमजला