बाबा, फुकटचं आहे म्हणून कच्चं नाही

श्टुटगार्ट,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, तू फोनवर ऐकलास तो खोकला दोन दिवसांत गेला. तो खिडक्यांमुळे नव्हता. त्या खिडक्यांचं एकदा नीट सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. इथली घरं इतकी बंदिस्त असतात की आंघोळीची, कुकरची वाफ बाहेर जायला फटच नाही. ती भिंतीत मुरते आणि श्रावणात आपल्या चपलांवर धरते तशी बुरशी भिंतीवर धरते. म्हणून बाहेर उणे चार असलं तरी सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायच्या. माझ्या भाडेकरारात तसं कलमच आहे. नुसती एक झडप किलकिली करून चालत नाही, त्याने भिंती गार पडतात आणि ओल उलट वाढते. पहिल्या हिवाळ्यात मलाही हा वेडेपणा वाटला होता. आता तू विणलेली कानटोपी घालून तेवढा वेळ चहा पितो. जेवणही वेळेवर होतं, खरंच.

आता कॉम्प्युटरचं. बाबा, त्या दिवशी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि तुम्ही मला दोनदा फोन केलात. तुमच्याकडे साडेदहा, इथे पहाटेचे सहा, आणि मी फोनचा आवाज बंद करून झोपलो होतो. ते मनातून जात नाही. स्क्रीनवरच्या नंबरला फोन लावलात यात तुमची काही चूक नाही, ते पान माणसाला घाबरवायलाच बनवलेलं असतं. पण समोरच्याने ‘हे सॉफ्टवेअर टाका’ म्हटल्यावर तुम्ही सरळ वायर उपटलीत, ते फार योग्य केलंत. नाहीतर आपला माऊस त्याच्या हातात गेला असता, बँकेच्या पानासकट. एवढं लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तो व्हायरससुद्धा नव्हता, एक वेबपान होतं. पुन्हा आलं तर एस्केपचं बटण दाबून धरा आणि ते पान बंद करा. नाहीच जमलं तर मशीन बंद करा.

तुम्ही लिहिलंत, दुकानदार अडीच हजारांचं अँटीव्हायरस घ्या म्हणतो, आणि फुकटच्याचा काय भरवसा. मी पैसे वाचवायला नको म्हणत नाही, बाबा. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस मुळातच आहे, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून सोबतच येतो. घरच्या कामाला तो पुरतो. माझ्या लॅपटॉपवरही दुसरं काही नाही. सुहासदादाने मायेने आणखी दोन फुकटचे टाकून दिलेत, तिथे गडबड आहे. बाहेरचा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, आणि ते बाहेरचे दोघे प्रत्येक फाईल एकाच वेळी तपासायला जातात. खोल्यांच्या बुकिंगची कॉम्प्युटरवरची वही उघडायला पाच मिनिटं लागतात ती बहुतेक यामुळेच. दोन्ही काढायला लावा. मग खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी, छोटी ढाल दिसेल. तिच्यावर हिरवी खूण असली की डिफेंडर जागा आहे. पिवळी किंवा लाल दिसली तर मला फोटो पाठवा.

फुकटच्याबद्दलचा तुमचा संशय अगदीच खोटा नाही. एका नावाजलेल्या कंपनीने फुकट अँटीव्हायरस देऊन लोक इंटरनेटवर काय काय बघतात ती माहिती विकली. त्यावरून २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले तिला. म्हणूनच मी कुठलंही फुकट घ्या म्हणत नाही, हे एकच ठेवा म्हणतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपलं मशीन विंडोज १० चं आहे, आणि त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन जुनं, त्यावर ११ चढत नाही. पण नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच तो पर्याय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून आपण करू. हे मी गणपतीत आलो तेव्हाच करायला हवं होतं. त्या मशीनमध्ये नुसते आपले फोटो नाहीत, खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्यांची आधार कार्डंही आहेत. त्यांनी ती आपल्या विश्वासावर दिलीत. पाहुणे गेल्यावर ज्यांची गरज नाही ती काढून टाका. हिशेब आणि आजीचे फोटो जुन्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. आणि कधी खरंच पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, मग मला.

पैशांचं. ८५ हजार मंगळवारी पाठवतो. त्यातले ४० सुमीच्या लग्नाच्या कार्यालयाचे, उरलेले पडवीच्या कौलांना. पाऊस धरायच्या आत कौलं परतून घ्या, कमी पडले तर कळवा, अंगावर घेऊ नका. मावशीने पाठवलेला मुलीचा फोटो बघितला. मी टाळतोय असं नाही, आई. सुमीचं होऊ दे, मे महिन्यात आलो की त्यांच्याकडे जाऊ. १ मेचं तिकीट काढलंय.

शिमग्याला मात्र जमत नाही. सलग तिसरं वर्ष. सुट्टी मागितली होती, लग्नासाठी राखून ठेव म्हणाले. ओटीचा नारळ माझ्या नावाने आईने द्यावा. पालखी अंगणात आली की फोन करा, इथे कितीही वाजलेले असोत. तुमच्या नंबरचा आवाज आता रात्रीही चालू असतो.

तुमचा,
अजय