पाभरीवाल्याच्या नावाचा बँड बाहेरच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’वर, म्हणजे रॉकमधल्या मोठ्या कलावंतांचा सन्मान करणाऱ्या क्लीव्हलँडच्या संस्थेवर, आलेला लेख वाचला. ‘कोणाला आत घ्यायला हवं होतं’ या यादीत लेखकांनी मोटरहेड, थिन लिझी अशी बरीच नावं घेतली आहेत. जेथ्रो टल हा इंग्लंडचा जुना रॉक बँड मात्र त्यात नाही. तो येतो एका चौकटीत, आणि तोही थट्टेपुरता: १९८९ साली मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या तोंडचं ग्रॅमी पारितोषिक ‘बासरीवाल्या जेथ्रो टल’ला दिलं, हा हा हा. म्हणजे क्लीव्हलँडवाल्यांनी वगळलं ते वगळलंच, आपण वगळलेल्यांच्या यादीतूनही वगळलं!

मी चोपडा तालुक्यात केळी करतो. मला या भानगडीत पडायचं काय कारण, असं घरचेही विचारतात. कारण सांगतो.

१९८६ साली मी धुळ्याला कृषी महाविद्यालयात होतो. अवजारांच्या तासाला सरांनी फळ्यावर नाव लिहिलं, जेथ्रो टल. इंग्लंडचा शेतकरी. १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र, म्हणजे पाभर, केलं, एका वेळी तीन ओळी पेरणारं. तोवर तिकडे बी मुठीनं फेकत. मागच्या बाकावर आम्ही खान्देशची पोरं हसायला लागलो. तीन ओळी म्हणजे आपली तिफणच की! माझी आई चाड्यावर मूठ धरायची. बैल कितीही ओढाळ असोत, तिच्या मुठीतून बी एकसारखं सुटायचं. उगवण झाली की ओळीत नांग्या शोधून सापडायच्या नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी होस्टेलवर पार्टनरच्या खाटेवर एक कॅसेट दिसली. वर नाव तेच, जेथ्रो टल. मला वाटलं, शेतीवरची भाषणं असतील. ती ‘ॲक्वालंग’ निघाली, १९७१ सालची. पट्टी कुठेतरी ताणली गेली होती, त्यामुळे मधली दोनेक मिनिटं पाण्याखालून आल्यासारखी वाजायची. पुढे सीडीवर ती जागा स्वच्छ ऐकली तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

नावामागची गोष्ट मग हळूहळू कळली. या मंडळींना सुरुवातीला कोणी दुसऱ्यांदा बोलवत नसे, म्हणून दर वेळी नाव बदलून जायचे. एजंटच्या कचेरीतल्या इतिहास शिकलेल्या माणसानं हे नाव सुचवलं, आणि नेमकं त्याच नावानं लंडनच्या मार्की क्लबनं परत बोलावलं. म्हणून ते टिकलं.

आता बासरीचं ऐका. बँडचे गायक आणि बासरीवाले इयन अँडरसन आधी गिटार वाजवत. नामांकित गिटारवादक एरिक क्लॅप्टनला ऐकलं आणि आपण या जन्मात तिथवर जात नाही हे त्यांनी ओळखलं. गिटार दुकानात देऊन बदल्यात बासरी आणली. कोणी शिकवलं नाही. बोटं कुठे ठेवायची हेसुद्धा कित्येक वर्षं चुकत होतं. मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली तेव्हा ते उघडकीस आलं! मग चाळिशी उलटल्यावर या माणसानं बोटं पुन्हा पहिल्यापासून बसवली. आणि हॉल ऑफ फेमचा हिशेब बघा. क्लॅप्टन तिथे तीन वेळा आत, १९९२, १९९३ आणि २०००. तीन वेळा जाणारे ते एकटेच आहेत. ज्यानं त्यांना पाहून गिटार खाली ठेवली आणि दुसरी वाट काढली, तो एकदाही नाही. क्लॅप्टनबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाच बैलाला तीनदा बाशिंग बांधायचं आणि दुसऱ्याला पोळ्याला वेशीबाहेर उभं करायचं, हे काही पटत नाही.

अँडरसन एका पायावर उभं राहून वाजवतात. तो फोटो मी सुट्टीत घरी नेऊन भिंतीला लावला होता. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हाऊ बाबा येक पायवर काब्र उभा शे?” मी म्हटलं, बासरी वाजवतोय. तिनं शेजारच्या मुरलीधराच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि विषय संपला. पुढे याच अँडरसननी हरिप्रसाद चौरसियांसोबत एका मंचावर वाजवलं, पण ते बघायला आजी नव्हती.

पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाली की पात्रता, हा तिथला नियम. टलची पहिली एलपी १९६८ ची, म्हणजे १९९३ लाच ते पात्र झाले. मग अडतं कुठे? म्हणे ‘प्रभाव’ पाहिला जातो. तुमच्यामागून किती जण तसं वाजवायला लागले, हे मोजलं जातं. इथेच माझा वाद आहे. टलसारखं दुसऱ्याला करताच आलं नाही, त्यात त्यांचा काय गुन्हा? १९७२ साली त्यांनी अख्ख्या एलपीवर एकच गाणं ठेवलं, दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांवर. आणि आपल्यासाठी गंमत म्हणजे तिचं कव्हर हे बारा पानांचं वर्तमानपत्र होतं, अगदी गावाकडच्या पेपरसारखं, बातम्यांसकट! पहिल्या पानावर, कवितेचं बक्षीस काढून घेतलेल्या आठ वर्षांच्या काल्पनिक मुलाची बातमी. ही ‘थिक ॲज अ ब्रिक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. अशांची नक्कल निघत नाही. नुसत्या पसरण्यालाच मोठेपण म्हणायचं तर आमच्या बांधावरच्या गाजरगवताला पहिला सत्कार द्यावा लागेल.

१९७८ ची ‘हेवी हॉर्सेस’ मी दर पोळ्याला ऐकतो. ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे मोठे घोडे कसे शेतातून गेले, त्याचं ते गाणं आहे. आमची शेवटची जोडी २००४ ला विकली. आता पोळ्याला ट्रॅक्टर धुतो, बॉनेटला गेरूचे ठिपके, वर झेंडूची माळ. घुंगरमाळ गोठ्यात खिळ्याला आहे. वडील होते तोवर त्या दिवशी ती काढायचे, घुंगरू एकेक करून फडक्यानं पुसायचे आणि काही न बोलता परत टांगायचे. एका इंग्रजी गाण्यात मला ते दिसतात. असल्या गाण्याला रॉक म्हणायचं की नाही, यावर पुण्याचा माझा भाचा तासभर भांडतो. भांडू दे. कंट्री गाणारी डॉली पार्टन आणि रॅपवाला एमिनेम २०२२ साली आत गेले, तेव्हाही ‘हे कसलं रॉक’ म्हणून ओरड झालीच होती. मला ते दोघं आत असल्याचं काही दुखत नाही. दार एवढं उघडलंच आहे तर बासरी का अडावी?

उशिराचाही एक प्रश्न आहे. डीप पर्पलला २०१६ साली घेतलं, तोवर ऑर्गनवाले जॉन लॉर्ड जाऊन चार वर्षं झाली होती. टलचे पहिले बेसवादक ग्लेन कॉर्निक २०१४ लाच गेले. अँडरसन १९४७ चे, गिटारवाले मार्टिन बार त्यांच्याहून काही महिन्यांनी मोठे. घ्यायचंच तर बार यांचं नाव आधी लिहा. चाळीसहून जास्त वर्षं ते बाजूला उभं राहून वाजवत आले, आणि लोक फक्त एका पायावरच्या माणसाकडे बघत राहिले.

ग्रॅमीच्या थट्टेला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं तेव्हाच जाहिरात देऊन उत्तर दिलं होतं, की बासरी हे वजनदार धातूचंच वाद्य आहे. चौकटीत तेवढं एक वाक्य मावलं असतं.

आपला,
एक जुना वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव

ता. क. : ‘बासरीवाले जेथ्रो टल’ असं छापलं आहे. बासरीवाले अँडरसन. टल पाभरीवाले, ते १७४१ सालीच वारले. दुरुस्ती छापावी ही विनंती.