चिठ्ठी लावणाऱ्या तंत्रज्ञ ताईंना

ताई,

बायोप्सीच्या अहवालावर तुमचं नाव नसतं. सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि औषध लागू पडलं की पेशंट आभार मानतो तो आम्हा त्वचारोगतज्ज्ञांचे. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

काखेत आणि स्तनाग्रांभोवती त्वचेच्याच रंगाच्या, टणक, बारीक पुळ्या, झोपमोड करणारी खाज आणि पुळ्यांच्या जागी विरळ झालेले केस. तरुण मुलीत हे दिसलं की फॉक्स-फोर्डाइस आजार आठवायला हवा. फॉक्स आणि फोर्डाइस या डॉक्टरांनी तो १९०२ मध्ये नोंदवला, तरी आजही त्याला गजकर्ण म्हणून मोकळं होणारे कमी नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलीला आधी बुरशीचं मलम मिळालं, मग स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असलेलं मलम, आणि वर ‘स्वच्छता ठेवत जा’ हा सल्ला. हात वर करायला सांगून नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं. गजकर्ण कडेने पसरतं, कडेला कोंडा असतो, मधला भाग निवळत जातो. इथे प्रत्येक पुळी सुटी, एका मापाची, केसाच्या तोंडाशी बसलेली. खरवडीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून बुरशी शोधायला कितीसा वेळ लागतो? खिचडी मलमाने खाज काही दिवस दबते, काखेची कातडी मात्र पातळ होते आणि तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात.

स्वच्छतेचा सल्ला तर निव्वळ अन्याय आहे. काखेतल्या अपोक्राइन म्हणजे एका प्रकारच्या घामाच्या ग्रंथीची नळी त्वचेवर स्वतंत्रपणे उघडत नाही, ती केसाच्या कूपात उघडते. तिथे केराटिनचं, म्हणजे त्वचेतल्या कठीण प्रथिनाचं, बूच बसलं की घाम मागे तुंबतो, नळी फुटते आणि भोवती दाह होतो. या ग्रंथी राग, भीती, उत्तेजना यांनीही स्रवतात, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी किंवा भांडणानंतर खाजेची लाट येते. साबणाने बूच निघत नाही.

आता तुमच्याबद्दल. चार मिलिमीटरच्या पंचमधून, म्हणजे गोल पात्याने काढलेल्या त्वचेच्या तुकड्यातून, पाच मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे म्हटले तर हिशेबाने आठशे निघतील. नेहमीच्या कामात पाहिले जातात मोजके. बूच बसलेलं तोंड त्यातल्या थोड्याच पापुद्र्यांत सापडतं, बाकी सगळीकडे नुसती सूज. पहिल्या स्लाइडवर तसंच होतं आणि ‘अविशिष्ट दाह’ लिहून अहवाल मिटवता आला असता. तुम्ही ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, पुन्हा मायक्रोटोमवर, म्हणजे पापुद्रे कापायच्या यंत्रावर, चढवलात. खोल जाताना मधल्या पट्ट्या टाकून न देता क्रमाने स्लाइडवर घेतल्यात. घाईने ट्रिमिंग केलं असतं, म्हणजे वरचे थर तासून टाकले असते, तर नेमका तोच भाग भुशात गेला असता, आणि गेलेला ऊतक परत येत नाही. मग ट्रेला चिठ्ठी जोडलीत: ‘सातव्या स्लाइडवर केसाचं तोंड बुजल्यासारखं वाटतंय. एकदा बघाल का?’

तिथेच होतं सगळं. वर बूच, खाली फुगलेली नळी, भोवती फेसाळ पेशी. मला सर्वांत भिडलं ते ‘बघाल का’. निदान तुम्ही केलंत असं म्हणायला जागा होती, पण तुम्ही फक्त पाहायला सांगितलंत. प्रयोगशाळेत मोठ्या आवाजात बोलणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या पट्टीपर्यंत हात स्थिर ठेवणारे थोडे, आणि आमचं निम्मं काम त्यांच्याच जोरावर चालतं.

मुलीचे उपचार सुरू आहेत. क्लिंडामायसिन १ टक्का लोशन दिवसातून दोनदा, खाज मोडायला थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड, नंतर टॅक्रोलिमस ०.१ टक्का. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के एक रात्र सोडून, तेही वाटाण्याएवढंच, कारण काखेत ते जळजळतं आणि पहिल्याच आठवड्यात लोक सोडून देतात. लेझरने केस काढण्याला सध्या मनाई, कारण त्यानंतर हा आजार उद्भवल्याच्या नोंदी आहेत. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या राखून ठेवल्या आहेत. त्या घेताना गर्भधारणा होता कामा नये आणि थांबवल्या की पुळ्या परतू शकतात. फरक पडायला महिने लागतील, कदाचित पूर्ण पडणारही नाही, हे तिला सांगितलं आहे. नाव कळल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे मी घाणेरडी नाही.’ हे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं होतं.

यापुढे काखेचे दोन तुकडे पाठवीन, एक उभा कापायला आणि एक आडवा. आडव्या कापात एकाच पापुद्र्यात अनेक कूपांची तोंडं दिसतात. दोन्ही ताज्या, न खाजवलेल्या पुळीचे असतील, चिमट्याने न चेंगरता काढलेले, आणि भरपूर फॉर्मलिनमध्ये. अर्जावर ‘घामाची नळी शोधावी’ असं ठळक लिहीन. चिठ्ठी जोडायची सवय मात्र सोडू नका.

तुमची,
एक त्वचारोगतज्ज्ञ