घोडीबद्दल आभार

काका,
सा. न. वि. वि.

गोल ओंडका जमिनीवर ठेवून चेनसॉ चालवू नये, हे सगळेच सांगतात. मग ठेवायचा कसा, ते तुम्ही दाखवलंत. पत्र उघडं लिहितोय, कारण गोव्यात लेथवर वाडगी कातणारे आता स्वतःची चेनसॉ घेतात. ओंडका कापताना टेकवायची लाकडी घोडी मात्र करत नाहीत.

लांब ओंडक्यासाठी तुमची घोडी साधी आहे: फुलीच्या आकाराच्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या रिपा, स्क्रू सगळे खाली. कापायची रेघ शेवटच्या फुलीच्या बाहेर, वीतभर अंतरात. तिथे तुकडा खाली झुकतो, काप उघडतो आणि चेन जिच्यावर फिरते ती मशीनची पट्टी मोकळी राहते. दोन फुल्यांच्या मध्ये कापलं तर ओंडका मधोमध वाकतो आणि वरून पट्टी चिमटतो. मध्येच कापणं भाग असेल तर आधी वरून एक तृतीयांश, उरलेलं खालून. पण खालून कापताना चेन मशीनला अंगावर ढकलते, हे तुमचं बजावणं आम्ही पुढे सांगत असतो.

खरी करामत आखूड तुकड्याची. व्यास २५ सेंमी असेल तर लांबी २८ ठेवायची, कारण टोकं तडकतात. मग तो उभा चिरायचा. कित्येक जण तुकडा उभाच ठेवून वरून पट्टी घालतात: चेन रेंगाळते, तापते, बारीक भुसा उडतो आणि तुकडा कलंडतो. तुम्ही तो आडवा, जाड फळीवरच्या दोन उतरत्या लाकडी पट्ट्यांच्या खाचेत निजवलात आणि मशीनची पट्टी शिरेच्या, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या, दिशेने धरलीत. भुशाऐवजी शेवया निघतात. त्या चेनच्या झाकणात अडकतात, म्हणून मध्येच इंजिन बंद करून काढायच्या. वरून पट्टा आवळावा असं वाटतं, पण तो नेमका कापाच्या वाटेत येतो. तुमचा उपाय असा, की दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या आणि त्या फळीला स्क्रूने धरायच्या. पायाने दाबणं नाहीच. शेवटचे दोन सेंमी चेनने कापायचे नाहीत, लाकडी पाचर ठोकून फोडायचे. फणसाची शीर आडवीतिडवी असली तर ते वेडंवाकडं फाटतं; तेव्हा तुकडा उलटा करून समोरून कापायचा.

काप एक नव्हे, दोन: गाभ्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी सोडून. मधली फळी तडकणारच, ती वाडग्यात नको. गाभा वगळून तिच्यातून मुठी निघतात.

पट्टीच्या नाकाचा वरचा चतकोर कशालाही टेकला, मागच्या ओंडक्याला किंवा घोडीच्या खुंटीला, की मशीन उसळून तोंडाकडे येते. म्हणून घोडीच्या पलीकडे काही ठेवायचं नाही, डावा अंगठा दांड्याखालून पक्का वळवायचा, पट्टीच्या रेषेत न उभं राहता किंचित डावीकडे राहायचं. चेन ब्रेक, म्हणजे उसळी बसताच चेन थांबवणारा ब्रेक, रोज तपासायचा. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानाची टोपणं, चेन अडवणारी विजार हे सगळं घालूनच.

आपल्याकडची खोच वेगळी. कुळागरातल्या, म्हणजे घराजवळच्या बागायतीतल्या, आंब्या-फणसात खिळे, तारा असतात. कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला की आत लोखंड समजायचं. सालीतली तांबडी माती एका ओंडक्यात चेन बोथट करते, ती आधी तारेच्या ब्रशने झाडायची. भुसा पिठासारखा पडू लागला की धार लावायची: .३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या मापाच्या) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३/८ इंच पिचच्या बारीक (लो-प्रोफाइल) चेनला ४ मिमीची. फणसाचा चीक खोबरेल तेलाने सुटतो. आंब्याचा भुसा काहींच्या अंगावर पुरळ उठवतो, तेवढ्यासाठी तरी पूर्ण बाह्यांचा सदरा.

आणि उभं झाड असेल तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालची परवानगी बघितल्याशिवाय तुम्ही मशीन गाडीतून काढत नाही, याचाही आदर वाटतो.

तुकड्यांच्या टोकांना त्याच दिवशी फेव्हिकॉलचे दोन जाड हात देतो. सावलीत, फळीवर, हवा खेळेल असे ठेवतो.

आपले,
फोंडा तालुक्यातले कातारी

ता. क. खाचेच्या पट्ट्या आता आंब्याच्याच लाकडाच्या करतो. चेन चुकून लागली तरी दात जात नाही.