शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जागतिक पुस्तक दिनाच्या आपल्या पानावर यंदाही ते वाक्य आलेच: शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’ लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी जग सोडून गेले. युनेस्कोने १९९५ मध्ये हा दिवस मुक्रर केल्यापासून हे वाक्य दरवर्षी छापून येते. वाचायला छान वाटते, पण खरे नाही. सर्व्हान्टिस माद्रिदला गेला तो शुक्रवारी, २२ एप्रिलला. २३ तारखेला त्याचे दफन झाले आणि चर्चच्या वहीत तीच तारीख चढली. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डला गेला तो मंगळवारी. त्या मंगळवारी इंग्लंडात २३ एप्रिल होता, तर स्पेनमध्ये ३ मे. म्हणजे दोघांच्या मृत्यूंत अकरा दिवसांचे अंतर आहे.

हे चुकून घडले नाही. त्यामागे धर्मसुधारणेचे, म्हणजे पोपची सत्ता झुगारून प्रोटेस्टंट चर्च वेगळी झाली त्या चळवळीचे राजकारण आहे, आणि ते समजले नाही तर त्या काळातल्या इंग्लंडची कुठलीच तारीख धड वाचता येत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्युलियन, म्हणजे ज्युलियस सीझरपासून चालत आलेल्या, कॅलेंडरचे वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. दर १२८ वर्षांत कॅलेंडर सूर्याच्या एक दिवस मागे पडते, आणि इसवी ३२५ च्या निकियाच्या धर्मसभेपासून मोजले तर सोळाव्या शतकापर्यंत ही तूट दहा दिवसांवर गेली होती. पोप तेराव्या ग्रेगरीने ती एका फटक्यात भरून काढली: गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतल्या बहुतेक राज्यांनी लगेच मान तुकवली.

राणी एलिझाबेथच्या इंग्लंडातही हा बदल जवळजवळ झालाच होता. दरबाराने गणिती जॉन डी याचे मत मागवले. त्याने १५८३ च्या सुरुवातीला अहवाल दिला: खरे म्हणजे अकरा दिवस काढायला हवेत, पण शेजारी देशांशी मेळ राहावा म्हणून दहा चालतील. हे दहा दिवस एकदम न काढता मे महिन्यातून तीन, जूनमधून एक, जुलैतून तीन आणि ऑगस्टमधून तीन असे काढावेत, म्हणजे मोठे सण आणि देण्याघेण्याच्या तारखा मोडणार नाहीत. योजना अगदी व्यवहारी होती. खजिनदार लॉर्ड बर्लीही अनुकूल होता. पण कँटरबरीचा आर्चबिशप ग्रिंडल आणि त्याचे सहकारी बिशप आडवे आले. ज्या पोपला आपण ख्रिस्तविरोधी म्हणतो, त्याच्या हुकमाने आपले सण हलवायचे कसे, आणि इतर सुधारित चर्चना विचारल्याशिवाय हे करायचे कसे, असा त्यांचा मुद्दा. विषय बारगळला तो थेट १७५२ पर्यंत. त्या वर्षी इंग्लंडात २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला, आणि तोवर तूट अकरा दिवसांची झाली होती, कारण ज्युलियन हिशेबात १७०० हे लीप वर्ष होते, ग्रेगरीच्या नव्या, म्हणजे ग्रेगोरियन, हिशेबात नव्हते.

दहा दिवसांचा हा फरक इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा कवितेत जास्त जाणवतो. कवी स्पेन्सरने स्वतःच्या लग्नावर लिहिलेली ‘एपिथलेमियन’ घ्या. लग्न संत बार्नबसच्या दिवशी, म्हणजे ११ जून १५९४ ला. कवितेतला नवरदेव कुरकुरतो, की वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटी रात्र असलेला हाच मुहूर्त कुणी काढला! आजच्या वाचकाला वाटते, सगळ्यात मोठा दिवस तर २१ जून. कवीने अतिशयोक्ती केली असावी. तसे काही नाही. त्यांचा ११ जून म्हणजेच आपला २१ जून. या कवितेत २४ कडवी आणि ३६५ लांब ओळी आहेत. दिवसाचे तास आणि वर्षाचे दिवस मोजून बसवणारा कवी ज्या दिवसावर कविता रचतो तोच चुकवेल, हे संभवत नाही. त्याच काळातला कवी जॉन डन याचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. संत ल्यूसीच्या दिवसावरच्या त्याच्या शोककवितेत त्या दिवसाला वर्षाची मध्यरात्र म्हटले आहे, शीर्षकातच तो सर्वात लहान दिवस असल्याचे सांगितले आहे. ल्यूसीचा दिवस १३ डिसेंबरचा. ज्युलियन कॅलेंडरात तेव्हा दक्षिणायनाचा शेवट १२ डिसेंबरच्या आसपास येत असे, त्यामुळे डनचे म्हणणे लोकसमजुतीला धरून होते आणि आकाशालाही. वर्गात या दोन्ही कविता शिकवताना ही एक तळटीप दिली, तर निम्मे प्रश्न उरत नाहीत.

आता दुसरी मेख, आणि माझ्या मते जास्त नडणारी. इंग्लंडात कायद्याच्या आणि चर्चच्या कागदांत वर्ष बदले ते १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला. नववर्षाच्या भेटी मात्र लोक १ जानेवारीलाच देत. आपल्याकडे वहीपूजन दिवाळीत होते आणि शक पाडव्याला बदलतो, त्यातलाच हा प्रकार. तिथल्या माणसाला त्यात काही विचित्र वाटत नसे. अडचण आपली होते. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या कागदावर जे साल दिसते, त्यात आपल्या हिशेबासाठी एक मिळवावा लागतो. एलिझाबेथ २४ मार्च १६०३ ला वारली. लंडनच्या तेव्हाच्या कागदांत ते साल १६०२ आहे, आणि तो त्या सालाचा शेवटचा दिवस. एडिंबरामध्ये त्याच दिवशी १६०३ चालू होते, कारण स्कॉटलंडने १६०० पासून वर्षारंभ १ जानेवारीवर आणला होता, दिवसमोजणी मात्र ज्युलियनच ठेवली होती. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर २९ जानेवारी १६४८ अशी तारीख आहे. शिरच्छेद दुसऱ्या दिवशी झाला, आणि आपण साल १६४९ सांगतो. पोपच्या कचेरीचेही तसेच होते: कॅलेंडर सुधारणारे ते फर्मान फेब्रुवारी १५८२ चे, पण त्यावर साल १५८१ आहे.

एका वर्षाची ही चूक गोष्टच फिरवते. आठव्या हेन्रीने ॲन बोलिनशी गुपचूप लग्न केले ते २५ जानेवारी १५३३ च्या सुमारास. जुन्या मोजणीत हे साल १५३२. एलिझाबेथ जन्मली ७ सप्टेंबर १५३३ ला. जुने साल जसेच्या तसे उचलले तर लग्न आणि बाळंतपण यांत साडेएकोणीस महिने दिसतात. प्रत्यक्षात साडेसातच होते. राजाला त्या वसंतात इतकी घाई का झाली, क्रॅनमरला मार्चअखेर आर्चबिशपपदी बसवून मे महिन्यात त्याच्याकडून लग्न वैध का ठरवून घेतले, हे त्या साडेसात महिन्यांवरूनच कळते. रोमकडे अपील करायला बंदी घालणारा कायदा काही पुस्तकांत १५३२ चा आणि काहींत १५३३ चा दिसतो, तोही याच कारणाने. स्पर्धा परीक्षांची पुस्तके दोन्ही साले छापतात आणि कारण कुणीच देत नाही.

त्या कायद्याची अधिकृत ओळख मुळात इसवी सनात नाहीच. ती आहे ‘हेन्रीचे २४ वे वर्ष, प्रकरण १२’, म्हणजे त्याच्या राज्याचे २४ वे वर्ष. राज्यवर्षाचा हिशेब सोपा आहे: गादीवर आल्याच्या सालात वर्षाचा आकडा मिळवा आणि एक वजा करा. हेन्री २२ एप्रिल १५०९ ला आला, म्हणून २६ वे वर्ष २२ एप्रिल १५३४ ते २१ एप्रिल १५३५, आणि राजाला चर्चचा प्रमुख ठरवणारा नोव्हेंबर १५३४ चा कायदा त्यात बसतो. एलिझाबेथसाठी धरायचा दिवस १७ नोव्हेंबर १५५८. गाडी अडते ती एलिझाबेथच्या आधीच्या राणीपाशी, मेरीपाशी. मध्येच नऊ दिवस राणी झालेल्या जेन ग्रेला हिशेबात जागा द्यायची नाही, म्हणून मेरीचे दुसरे वर्ष ६ जुलैपासून, आधीचा राजा एडवर्ड याच्या मृत्युदिनापासून, धरले गेले. तिचा नवरा, स्पेनचा फिलिप, याची वर्षे २५ जुलै १५५४ च्या लग्नापासून. परिणामी ‘फिलिप व मेरी १ व ३’ असा जोडआकडा फक्त ६ ते २४ जुलै १५५५ एवढाच चालला. आधी ‘१ व २’, नंतर ‘२ व ३’. हा छापखान्याचा दोष समजून दुरुस्त करू नये.

या सगळ्या मोजण्या एकाच ओळीत पाहायच्या तर शेक्सपिअरचे मृत्युपत्र पाहावे. तीन पाने, आज क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पहिल्या ओळीत लॅटिनमध्ये ‘पंचविसावा दिवस’, पुढे ‘जानेवारी’ लिहून खोडलेले आणि त्या जागी ‘मार्च’. मग दोन्ही देशांचा राजा जेम्स याच्या इंग्लंडातील राज्याचे १४ वे वर्ष, स्कॉटलंडातील ४९ वे, आणि इसवी १६१६. इंग्लंडातले १४ वे वर्ष २४ मार्च १६१६ ला सुरू झाले होते. स्कॉटलंडातले ४९ वे २३ जुलै १६१६ ला संपणार होते. इसवी १६१६ इंग्रजी रिवाजाने २५ मार्चलाच लागले. तिन्ही आकडे मार्चशी जुळतात. तोच कागद आदल्या जानेवारीतला असता तर त्यावर १३ वे वर्ष आणि १६१५ असते; पुढच्या जानेवारीतला असता तर स्कॉटलंडचे ५० वे वर्ष असते, आणि तोवर मृत्युपत्र करणारा माणूसच उरला नव्हता. लेखनिकाने बहुधा जानेवारीतल्या आधीच्या मसुद्यावरून उतरवायला घेतले आणि महिना तेवढा सवयीने तसाच आला. खाडाखोड पाहून संशयकल्लोळ रचणाऱ्यांनी पुढचे तीन आकडे आधी वाचावेत.

नेहमी होणाऱ्या चुका दोन. पहिली, सरसकट दहा दिवस मिळवणे. शेक्सपिअरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा. तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडरच नव्हते, अख्खा पश्चिम युरोप एकाच तारखेत होता. १५८२ च्या आधी दिवस बदलायचा नाही, फक्त साल तपासायचे. (जन्म २३ एप्रिलचा हा नुसता अंदाज आहे, वहीत फक्त बाप्तिस्मा आहे. त्या वह्या मुळात ठेवायला लावल्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये, म्हणजे हेही धर्मसुधारणेचेच देणे.) दुसरी चूक, एकाच लेखात दोन कॅलेंडरे मिसळणे. स्पॅनिश आरमाराशी ग्रेव्हलिन्सची लढाई स्पॅनिश हिशेबाने ८ ऑगस्ट १५८८ ची, आणि टिलबरीच्या छावणीत राणी एलिझाबेथचे सैन्यापुढचे भाषण इंग्रजी हिशेबाने ९ ऑगस्टचे. शेजारी शेजारी छापले की वाटते, लढाईच्या दुसऱ्या दिवशी राणी सैन्यापुढे उभी राहिली. इंग्रजी हिशेबाने लढाई २९ जुलैची. मध्ये अकरा दिवस गेले होते आणि आरमार केव्हाच उत्तरेकडे निघून गेले होते.

हे घोळ आपल्या अंगणातही आहेत. सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुनी मोजणी पाळत, गोव्याचे पोर्तुगीज नवी. महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीची तारीख आपण ६ जानेवारी १६६४ सांगतो; कंपनीच्या कागदांत ते साल १६६३, किंवा तिरकी रेघ देऊन १६६३/४. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ ज्युलियन आहे, आजच्या कॅलेंडरने १६ जून. शिवजन्माची, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन. ग्रेगोरियन १ मार्च. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच, कारण कॅलेंडर बदलले तरी वारांची साखळी तुटली नाही. म्हणूनच जुन्या कागदात वार दिलेला असेल तर आधी तो ताडून पाहावा.

आपल्या उपसंपादकांना विनंती एवढीच: १५८२ ते १७५२ मधली इंग्लंडची तारीख छापताना दिवस मुळातला ठेवावा, साल १ जानेवारीपासून धरून द्यावे, आणि तीच घटना युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या तारखेशेजारी येत असेल तर कंसात ‘जुनी मोजणी’ किंवा ‘नवी मोजणी’ असे लिहावे. पुढच्या पुस्तक दिनाला सर्व्हान्टिससाठी २२ एप्रिल आणि शेक्सपिअरसाठी २३ एप्रिल (जुनी मोजणी) असे छापले तरी पुरे.

आपला,
इंग्रजी साहित्याचा एक अभ्यासक, सातारा